परीक्षकांची परीक्षा

न्यू यॉर्क शहरातील वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या नामांकित हॉटेलात २४ ऑक्टोबर १९१९ रोजी शल्यविशारदांची एक परिषद भरली होती. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या त्यांच्या संस्थेने आदल्या वर्षी अमेरिका व कॅनडा या दोन देशांतील शंभर वा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली होती. तिचे फलित या परिषदेत मांडावयाचे होते. संस्थेने ठरविलेल्या किमान निकषांना त्या ६९२ पैकी अवघी ८९ रुग्णालये उतरली. हा आकडा सभेत सांगण्यात आला, नावे मात्र सांगण्यात आली नाहीत. अनुत्तीर्णांमध्ये काही अतिशय प्रतिष्ठित रुग्णालये होती. यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून संस्थेच्या धुरिणांनी ती त्याच रात्री हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली. ते हॉटेलही पुढे १९२९ साली पाडण्यात आले आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली.

रुग्णसेवेच्या गुणवत्तेचा इतिहास सांगणारे लेखक ही हकीकत बहुधा चुटक्यासारखी सांगून पुढे जातात. आम्हांस ती तशी सोडून देववत नाही. आम्हां धर्मगुरूंना गुपित राखण्याचे शिक्षण मिळालेले असते. प्रायश्चित्त संस्कारात जे कानांवर आले ते ओठांवर येऊ द्यावयाचे नाही, हा नियम आमच्या हाडीमांसी खिळलेला आहे. परंतु तेथील गुपित असते ते पश्चात्तापी माणसाचे, त्याच्या स्वतःच्या आत्म्याचे. रुग्णालयाचा दोष हा केवळ त्या रुग्णालयाचा खाजगी मामला नसतो. उद्या त्याच्या दारातून विश्वासाने आत येणाऱ्या रुग्णाचे मरण त्या दोषात दडलेले असू शकते. मग ती यादी नेमकी कोणाची होती? रुग्णालयांची, शल्यविशारदांची, की रुग्णांची? त्या रात्री या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टळले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत रुग्णालये तपासणाऱ्या संस्था देशोदेशी निघाल्या, आणि अलीकडे तर त्या संस्थांनाच तपासणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. तिचा इतिहास चाळू लागलो की हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊन उभा राहतो.

या साऱ्या चळवळीच्या मुळाशी बॉस्टनचा एक हट्टी शल्यविशारद होता. त्याचे नाव अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९-१९४०). त्याचे म्हणणे सांगायला गेले तर अगदी साधे होते. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला, पुढे त्याचे काय झाले? तो बरा झाला का? झाला नसेल तर का झाला नाही? प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे, त्यावर तक्रार, निदान, उपचार व गुंतागुंत यांची नोंद ठेवावी, आणि वर्षभराने त्या माणसाला पुन्हा बोलावून अंतिम परिणाम लिहून ठेवावा, असा त्याचा आग्रह होता. शेतकरी पेरणी केल्यावर पीक किती आले हे पाहतो. शल्यविशारदाने तेवढे तरी करावे, इतकीच ही मागणी होती. परंतु तीत अनेकांच्या प्रतिष्ठेला धोका होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती वयपरत्वे मिळते, कौशल्यावर मिळत नाही, या कारणास्तव त्याने १९१४ साली तेथील पदाचा राजीनामा दिला. आणि लगोलग, आपले परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत असे सांगत, तेथल्याच प्रमुख शल्यविशारदाच्या जागेसाठी अर्ज केला. पुढल्या वर्षी जानेवारीत भर सभेत त्याने एक व्यंगचित्र उघडून दाखविले. डोके खाली खुपसलेला एक शहामृग मागच्या पायांनी डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलत आहे, असे ते चित्र होते. शहामृग म्हणजे बॉस्टनमधील धनिक वस्तीची रुग्ण मंडळी. चित्राने गहजब झाला. हार्वर्डमधील अध्यापनाचे पद कॉडमनला गमवावे लागले.

तथापि त्याने दुसऱ्यांपुढे जो आरसा धरला तो आधी स्वतःपुढे धरला होता. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुकांची नोंद त्याने केली आणि ती छापून प्रसिद्ध केली. येथे चूक निदानाची, येथे कौशल्याची, येथे निष्काळजीपणाची, अशी वर्गवारीही केली. ज्या माणसाने आपल्या चुका छापल्या त्याच्याच कल्पनेतून निघालेल्या पाहणीची यादी त्याच्या सहव्यवसायिकांनी जाळावी, यातला विरोध किती बोलका आहे! कॉडमन १९४० साली वारला तेव्हा त्याच्या कबरीवर नावाचा दगडदेखील बसला नाही. तो २०१४ साली बसविण्यात आला, आणि त्यासाठी पुढे आलेल्या संस्थांत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सही होते.

कॉलेजने १९१७ अखेर जे किमान निकष ठरविले ते एका पानावर मावत होते. कलमे पाच. रुग्णालयातील डॉक्टरांचा एक संघटित वर्ग असावा. ते परवानाधारक, सक्षम व सचोटीचे असावेत. त्यांनी नियमितपणे एकत्र बसून आपल्या कामाची छाननी करावी. प्रत्येक रुग्णाची पूर्ण नोंद ठेवली जावी. आणि प्रयोगशाळा व क्ष-किरण यांची सोय असावी. दुसऱ्या कलमात शुल्कविभागणीला स्पष्ट बंदी होती. आपल्याकडे ज्याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात तोच हा रोग. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन रुग्णालयांत तो इतका बळावला होता की पाच कलमांतले एक त्यावर खर्ची घालावे लागले. एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. कॉडमनचा मूळ प्रश्न, रुग्णाचे पुढे काय झाले, हा या पाच कलमांत थेट कोठेच नाही. परिणाम मोजणे कठीण आणि अप्रिय. नोंदवही आहे की नाही हे पाहणे सोपे. मूल्यमापनाच्या साऱ्या पुढील इतिहासात ही सोयीची वाट पुन्हा पुन्हा धरली गेलेली दिसते.

या टप्प्यावर एका धर्मगुरूचे नाव घेणे आवश्यक आहे, आणि ते आम्ही केवळ आपुलकीपोटी घेत नाही. फादर चार्ल्स मोलिनियर हे येशूसंघीय, मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाशी संबंधित होते. धर्मभगिनींनी चालविलेली रुग्णालये त्या काळी अमेरिकेत मोठ्या संख्येने होती. त्यांतील धर्मभगिनींना एकत्र आणून मोलिनियर यांनी १९१५ साली ‘कॅथलिक हॉस्पिटल असोसिएशन’ स्थापन केली. शल्यविशारदांची तपासणी येऊ घातली तेव्हा अनेकांच्या मनांत धास्ती होती. परके लोक, बहुतांशी परपंथीय, आपल्या आवारात येऊन दोष काढणार. सेवाव्रताला हे कशाला हवे? मोलिनियर यांनी सूट मागितली नाही. उलट कॉलेजशी हातमिळवणी करून कॅथलिक रुग्णालयांना त्या निकषांसाठी तयार करण्याचे काम अंगावर घेतले. हेतू पवित्र आहे म्हणून नोंदवही कोरी चालते, असे त्यांना वाटत नव्हते. आपल्या संस्थांविषयी बोलताना ‘आम्ही सेवा करतो’ या एका वाक्यावर सारे भागवण्याची सवय आपल्याला जडलेली आहे. म्हणून त्यांची आठवण येथे विस्ताराने केली.

पुढचा काळ झपाट्याने सांगता येईल. काम कॉलेजला एकट्याला पेलेना म्हणून १९५१ साली डॉक्टरांच्या व रुग्णालयांच्या पाच संघटनांनी मिळून ‘जॉइंट कमिशन’ ही स्वतंत्र संस्था काढली. कॅनडाने १९५८ मध्ये आपली वेगळी चूल मांडली, ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये. १९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर योजना आली. ज्या रुग्णालयास कमिशनचे मानांकन आहे ते सरकारी अटी पुऱ्या करते असे समजावे, अशी तरतूद त्या कायद्यात झाली. एका खाजगी संस्थेच्या प्रमाणपत्रावर सरकारी तिजोरीची दारे उघडू लागली. वैद्यकांनी हौसेने व सचोटीसाठी आरंभलेली गोष्ट अशा रीतीने व्यवहाराची होऊन बसली. त्यात पाहणीचे शुल्क देणार तेच रुग्णालय, ज्याची पाहणी व्हावयाची. पाहणीची तारीखही आधी कळविलेली असे. धर्मग्रामात बिशपांची अधिकृत भेट ठरली की भिंतींना चुना लागतो, नोंदवह्या रातोरात पूर्ण होतात, आणि एरवी कुलूपबंद असलेली ग्रंथालयाची खोली एकाएकी उघडते, हे आम्ही धर्मगुरू तरी नाकारू शकणार नाही. पूर्वसूचना न देता पाहणी करण्याचा सर्वसाधारण प्रघात कमिशनने २००६ साली सुरू केला.

तोवर बोभाटा होऊन गेला होता. अमेरिकन संसदेच्या वतीने सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने २००४ साली एक अहवाल सादर केला. २००० ते २००२ या वर्षांत कमिशनने मान्य केलेल्या ५०० रुग्णालयांची राज्य सरकारांच्या निरीक्षकांनी फेरतपासणी केली होती. त्यांपैकी १५७ रुग्णालयांत मेडिकेअरच्या अटींच्या संदर्भात गंभीर उणिवा आढळल्या. या १५७ पैकी १२३ रुग्णालयांतील उणिवा कमिशनच्या परीक्षकांच्या नजरेस आल्याच नव्हत्या. कॉडमनने स्वतःच्या चुका मोजल्या तो आकडाही १२३ च होता. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण वाचताना आम्ही थबकलो. अमेरिकन संसदेने २००८ साली कायदा बदलून कमिशनचा तो विशेषाधिकार काढून घेतला. इतर परीक्षक संस्थांप्रमाणे त्यालाही आता सरकारकडून मान्यता मागावी लागते.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न एव्हाना साऱ्या जगापुढे होता. १९९० नंतर निरनिराळ्या देशांत मानांकनाच्या योजना दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्या. २००० सालच्या एका जागतिक पाहणीत अशा ३६ राष्ट्रव्यापी योजना मोजण्यात आल्या. मानांकन देणाऱ्यांचे मानांकन करण्याची गरज येथून उत्पन्न झाली. हे काम ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्वालिटी इन हेल्थ केअर’, संक्षेपाने ‘इस्क्वा’, या संस्थेने हाती घेतले. ही संस्था १९८५ साली इटलीतील उदिने येथे जमलेल्या मंडळींच्या विचारविनिमयातून जन्मली. तिचे कार्यालय काही वर्षे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला होते, २००८ पासून ते आयर्लंडमध्ये डब्लिनला आहे. १९९९ साली तिने परीक्षक संस्थांचे परीक्षण सुरू केले. परीक्षा तीन प्रकारची. संस्थेने रुग्णालयांसाठी जे निकष लिहिले ते योग्य आहेत का, ही एक. संस्था आपल्या परीक्षकांना कसे घडविते, ही दुसरी. आणि संस्थेचा स्वतःचा कारभार कसा आहे, ही तिसरी. या तिसरीत पैशाचा व्यवहार, धोक्यांची जाण, परीक्षकांची निवड, पाहणीची पद्धत, आणि अखेर मानांकन द्यावे की नाही याचा निर्णय कोण व कसा घेतो, हे सारे येते. परीक्षक असतात ते अन्य देशांतील तशाच संस्थांत मुरलेले लोक. मानांकन चार वर्षे टिकते, मग पुन्हा परीक्षा. जॉइंट कमिशनची परदेशी रुग्णालयांसाठी असलेली शाखाही या परीक्षेस बसली आहे. २०१८ साली हे काम इस्क्वापासून वेगळे काढून स्वतंत्र मंडळाकडे सोपविण्यात आले. शिकविणारा व परीक्षा घेणारा एकच असू नये, हे जुने तत्त्व आम्हांस या विभागणीत दिसते. रुग्णालयांबरोबरच वृद्ध व अपंग यांची निवासगृहे तपासणाऱ्या संस्थाही या मंडळाच्या कक्षेत येतात.

या शेवटच्या प्रकाराचे मोल न्यूझीलंडमधील हकीकतीवरून कळेल. त्या देशात वृद्धनिवासांची तपासणी पूर्वी सरकारचे आरोग्य खाते करीत असे. २००१ च्या कायद्याने ते काम नेमलेल्या खाजगी लेखापरीक्षक संस्थांकडे गेले. वृद्धनिवासाने स्वतःच संस्था निवडावी, तिला शुल्क द्यावे, तिने अहवाल द्यावा आणि त्या आधारे खात्याने प्रमाणपत्र द्यावे, अशी ही पद्धत. तिचे काय झाले हे देशाच्या महालेखापालांनी तपासले. वृद्धनिवासे निकष पाळतात याची पुरेशी खात्री २००२ पासूनच्या या पद्धतीने मिळालेली नाही, असा निष्कर्ष डिसेंबर २००९ च्या अहवालात त्यांनी काढला. एका संस्थेचे परीक्षण दुसरीशी जुळत नव्हते, काहींच्या नजरेतून दोष सुटत होते. वृद्धनिवासातील माणसाची अवस्था पाहा. तो तक्रार करू शकत नाही. कधी स्मृती गेलेली असते, कधी वाचा. मुले दूर, आणि तक्रार केली तर रात्रीचे डायपर वेळेवर बदलले जाईल की नाही ही धास्ती. त्याच्या वतीने पाहणारे डोळे म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी येणारा तो परीक्षक. तो डोळेझाक करीत असेल तर त्या म्हाताऱ्या माणसाला वाली कोण? या अहवालानंतर आरोग्य खात्याने लेखापरीक्षक संस्थांना त्रयस्थ मानांकन घेणे बंधनकारक केले. ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या संयुक्त मानांकन संस्थेकडून घ्यावे वा इस्क्वाकडून. शिवाय वृद्धनिवासांच्या तपासणीचे अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतील असे ठेवले. आईला कोठे ठेवावे या विवंचनेतील मुलगा ते अहवाल घरबसल्या वाचू शकतो. आमच्या मते त्रयस्थ मानांकनाहून ही दुसरी सुधारणा मोठी. परीक्षकावर परीक्षक नेमण्याच्या साखळीला शेवट नाही. अहवाल लोकांच्या हाती गेला की निदान एका टोकाला ती जमिनीला टेकते.

भारतात या गोष्टी उशिरा आल्या. मुंबई राज्याने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालीच केला होता. परंतु तो बव्हंशी कागदावर राहिला. १९९४ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुनील नंदराज यांचा मुंबईच्या खाजगी रुग्णालयांवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यातील अपुरी जागा, अप्रशिक्षित परिचारिका, नसलेल्या नोंदी यांचे वर्णन वाचताना १९१८ च्या अमेरिकेचे स्मरण होते. २००५ साली दिल्लीचे इंद्रप्रस्थ अपोलो हे जॉइंट कमिशनच्या परदेशी शाखेचे मानांकन मिळविणारे भारतातील पहिले रुग्णालय ठरले. त्याच वर्षी भारतीय गुणवत्ता परिषदेने रुग्णालयांसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. वर्तमानपत्रांत ‘एनएबीएच’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हेच. त्याच्या रुग्णालयविषयक निकषांना २००८ साली इस्क्वाची मान्यता मिळाली. इंग्रजी आद्याक्षरांच्या त्या पाटीमागे डब्लिनपर्यंत पोचणारा हा सारा इतिहास आहे.

आता निकष एका पानावर मावत नाहीत. एनएबीएचच्या २०२० सालच्या पाचव्या आवृत्तीत १०० निकष आणि त्यांखाली ६५१ उपकलमे होती. मोठ्या धनाढ्य रुग्णालयास यासाठी स्वतंत्र विभाग नेमता येतो. वीस खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्या चार धर्मभगिनींनी काय करावे? सिस्टर मेरी ग्लॉरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर-धर्मभगिनीने १९४३ साली गुंटूर येथे कॅथलिक रुग्णालयांची संघटना बांधली. तिच्या आजच्या सभासदांत बहुसंख्य आहेत ते लहान, ग्रामीण दवाखाने. पन्नास खाटांपर्यंतच्या संस्थांसाठी एनएबीएचने वेगळे, आटोपशीर निकष केले आहेत आणि प्रवेशपातळीचा दाखलाही ठेवला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. आपल्या संस्थांनी, परवडत नाही म्हणून हात झटकण्यापूर्वी, तो एकदा वाचून पाहावा. खर्चाची अडचण खरी आहे; पण कट प्रॅक्टिस न करण्यास, प्रत्येक रुग्णाची नोंद लिहिण्यास आणि महिन्यातून एकदा मृत्यूंची कारणे एकत्र बसून पाहण्यास फार खर्च येत नाही. १९१७ च्या त्या एका पानातील निम्मे तर येथेच पुरे होते.

एनएबीएचच्या संकेतस्थळावर मानांकित रुग्णालयांची नावे कोणासही पाहता येतात. परीक्षकांना त्या रुग्णालयांच्या आत काय आढळले, कोणत्या उणिवा दुरुस्त करावयास सांगितल्या आणि कोणाचे मानांकन कशामुळे नाकारले गेले, हे तेथे वाचावयास मिळत नाही.